टाकी भरल्याची धार

दाक्षायणीच्या खोलीत जो येई तो आधी भिंत वाजवून बघे. बोटाचं पेर वाकवून टकटक. गाड्यावर कलिंगड वाजवून बघतात ना, अगदी तसं. मग डोळे बारीक करायचे, जिभेनं च्च करायचं आणि सल्ला द्यायचा.

दुधवाला म्हणाला, पुट्टी मारा. अप्पांचे गिरणीतले जुने मित्र म्हणाले, पुट्टीनं काय होतंय, पार विटेपर्यंत गिलावा खरवडा. समोरच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, भिंतीला मीठ सुटलंय, कॅलेंडर लावा एखादं मोठं, दिसणार नाही. दाक्षीला वाटे, आता पुढच्या माणसानं टकटक केली की आपण त्याचं डोकं टकटक करून बघायचं. पिकलंय का कच्चं आहे ते कळेल तरी.

राग येणारच. ती खोली तिची होती. मागच्या जूनपर्यंत तिथं संगमेशकाकाच्या मोबाइल कव्हरांचे खोके होते, छतापर्यंत. "मला दहावी आहे, खोक्यांना नाही," असं म्हणून दाक्षीनं सगळ्या घराशी भांडण काढलं होतं, आणि अप्पा "बरं बाई" म्हणाल्यावर एकटीनं सगळे खोके माळ्यावर चढवले होते. सोळा वर्षांच्या आयुष्यात आतून कडी लावता येईल असं पहिलं दार तिला मिळालं होतं. आणि दिवाळी संपते न संपते तोच त्या खोलीच्या मागच्या भिंतीला ओल आली. लाइटच्या बोर्डाखालून सुरुवात झाली. आधी हाताएवढा डाग, मग परातीएवढा. रंगाला फोड आले, फोड फुटून पोपडे झाले, पोपडे तिच्या उशीवर पडायला लागले. मग एक दिवस अव्वानं, तिच्या आईनं, पंख्याचं बटण दाबलं आणि "अगं आई गं!" म्हणून हात झटकला. मुंग्या कोपरापर्यंत.

त्या दिवशी अप्पांनी मेन बोर्डातून त्या खोलीची लाइनच काढून टाकली आणि सांगितलं, "गड्ड्याच्या जत्रेला मैंदर्गीची पाहुणेमंडळी यायच्या आत भिंत सुकली तर सुकली. नाही तर खोली बंद. दाक्षीची कॉट हॉलमध्ये घ्या."

"हॉलमध्ये?" दाक्षी किंचाळली. "टीव्हीसमोर? काकाच्या मोबाइलसमोर?"

"करंटपेक्षा टीव्ही बरा," अप्पा म्हणाले. अप्पांचं, म्हणजे गुरुसिद्धप्पांचं, बोलणं असंच असायचं, मोजकं. आणि अडचण ही की ते बरोबर बोलत होते, त्यामुळं त्यांच्यावर धड रागावताही येत नव्हतं. मग तो सगळा राग साठून संगमेशकाकाकडं वळला.

काका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर घर दुरुस्तीचे व्हिडिओ बघायचा. त्यातली माणसं हातात ब्रश घेऊन हसत हसत अर्ध्या मिनिटात आख्खं घर नवं करायची. ते बघून बघून काकालाही वाटायला लागलं होतं की आपण इंजिनियर आहोत, फक्त कागद मिळायचा राहिलाय.

"साधी गोष्ट आहे, दादा," काका भिंत वाजवत म्हणाला. "पाऊस कधीचा गेला? दिवाळीच्या आधी. म्हणजे छताचा प्रश्नच नाही. वरची भिंत बघ, कोरडी ठणठणीत. ओल कुठून सुरू होते? मधूनच. आणि भिंतीच्या पलीकडं काय आहे?"

"दगडाबाईची मोरी," अव्वा म्हणाली.

"झालं तर मग!" काकानं टाळी वाजवली. "तिचा पाइप फुटलाय. तिला सांगायचं, फरशी फोड म्हणून."

"मग सांग की," अप्पा म्हणाले.

काकानं खोकून घेतलं. दगडाबाईला जाऊन काही सांगणं हे गल्लीत कुणालाच जमत नव्हतं. करकंबहून लग्न होऊन आलेली ती बाई एकटीच्या जिवावर कडक भाकऱ्यांचा धंदा चालवायची. तिची भाकरी थापल्याचा आवाज पहाटेपासून त्याच भिंतीतून दाक्षीच्या कानात यायचा, आणि त्या थापेवरून कुणालाही कळावं की या हाताशी वाकडं घेऊ नये.

"मी जाते," दाक्षी म्हणाली.

"तू? मोठ्यांच्यात..." अव्वानं सुरुवात केली, पण दाक्षी चपला घालून बाहेरसुद्धा पडली होती. सहावी-सातवीपर्यंत हीच पोरगी वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी बाकाखाली जायची. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत तिनं पहिल्यांदा माइक हातात धरला आणि तिला शोध लागला की आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तेव्हापासून तो पाठवायला ती कारणच शोधत होती.

"दगडामावशी! तुमच्या मोरीचं पाणी आमच्या भिंतीत येतंय. माझी खोली जायची वेळ आलीय तुमच्यामुळं. पाइप दुरुस्त करून घ्या, आजच्या आज!"

दगडाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग दाक्षीकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"कोन म्हनलं?"

"काका म्हणाला. आणि दिसतंयच की! भिंतीपलीकडं दुसरं काय आहे?"

"काका म्हनला व्हय? आन् त्यो काका कुटं लपलाय? पोरीला म्होरं केली आन् आपन दाराआड बसला?" तिनं पीठ लागलेल्या हातानं दाक्षीचं मनगट धरलं आणि तिला ओढतच मागं नेलं. "ये. हितं ये. ही बग माजी मोरी. लाव हात. लाव की! मगा लई तोंड चालत हुतं, आता हात का चालंना?"

दाक्षीनं हात लावला. भिंत कोरडी होती. नुसती कोरडी नाही, तर चुना हाताला पांढरा लागला इतकी कोरडी. बंब पेटवायची काडीपेटी त्याच भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेली होती. दगडाबाईनं ती उचलली आणि एक काडी ओढली. फर्रकन पेटली.

"ही पेटी बारा म्हैनं ह्याच कोनाड्यात आस्ती. भिंतीत ओल आस्ती तर पेटली आस्ती का गं? सांग की!"

 दाक्षी इतका मोठा आवाज घेऊन आली होती, तो आता कुठं ठेवायचा ते कळेना.

"सांग तुज्या काकाला," दगडाबाई काडी विझवत म्हणाली, "माजी फरशी फोडायची आसंल तर आदी त्याचं डोस्कं आनून दे. त्याच्यावरच फोडते."

दाक्षीनं घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. डोस्क्याचंसुद्धा. काका लाल झाला.

"बायका असंच दाखवतात. पुसून ठेवली असेल भिंत."

"काका, काडी पेटली! पुसलेल्या भिंतीतली काडी पेटते का?"

"तुला काय कळतंय त्यातलं? अभ्यास कर. मी बघतो काय करायचं ते."

अभ्यास कर! दाक्षीला आयुष्यात सगळ्यात जास्त संताप येणारं वाक्य हेच. पंखा घरघर वाजला, अभ्यास कर. गॅस संपला, अभ्यास कर. रोज रात्री त्या भिंतीला पाठ लावून कोण झोपतं? पोपडे कुणाच्या केसात जातात? आणि या भिंतीबद्दल दुधवाल्याला विचारायचं, मित्राला विचारायचं, मोबाइलला विचारायचं, आणि तिला कुणी एका शब्दानं विचारायचं नाही!

काकानं काय करायचं ते शनिवारी कळलं. दाक्षी शाळेतून आली तर तिची मागची भिंत गायब. तिच्या जागी पांढऱ्या चकचकीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या, वर संगमरवराची खोटी नक्षी, मध्ये बोर्डापुरती चौकट कापलेली. काका शेजारी उभा, व्हिडिओतल्या माणसासारखा हसत.

"पीव्हीसी पॅनेल! कशी वाटली?"

"ओल कुठं गेली?"

"गेली."

"गेली नाही, झाकली! आत भिंत ओलीच आहे. बाहेर वारा लागत होता तेवढाही तू बंद केलास. आता ती आतल्या आत कुजणार. काका, गळूवर पावडर लावून कुणी पार्टीला जातं का?"

"दादा, बघ कशी बोलायली तुझी पोरगी!"

"सुम्नीर!" अप्पा ओरडले. अप्पा कानडीत आले म्हणजे गप्प बसायची शेवटची सूचना. दाक्षी गप्प बसली, पण दार असं आपटलं की खोट्या संगमरवराची एक पट्टी सुटून लोंबायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं.

आता सोलापुरात पाणी येणं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळतं. चार-पाच दिवसांनी एकदा येणार, कधी येणार ते सांगून येणार नाही, आणि आलं की सगळी गल्ली जागेवरून उठणार. हौद, पिंपं, घागरी, बादल्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा. मग हौदातून मोटारीनं छतावरच्या टाकीत. टाकी भरली हे कळायची गल्लीत एकच पद्धत. वरच्या नळकांड्यातून पाण्याची धार छतावर पडली की आवाज होतो, आणि घरातलं कुणी नाही तर शेजारचं कुणी तरी ओरडतं, "टाकी भरली!" मग मोटार बंद. दाक्षीच्या घरात ही पद्धत अव्वाची. ती स्वयंपाकघरात असली, पूजेत असली, तरी कान धारेकडं. धार पडल्याशिवाय टाकी भरली यावर तिचा विश्वासच नव्हता. वर थोडा वेळ पडूही द्यायची. खात्री व्हायला नको?

दाक्षी रुसून कॉटवर पडली होती. वर धार पडली. "टाकी भरली!" दगडाबाईचा आवाज आला. मोटार बंद झाली. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत, थोड्या वेळानं, लाइटच्या बोर्डाच्या आतून आवाज आला.

टप.

दाक्षी उठून बसली.

टप. टप.

ती अनवाणीच जिना चढून छतावर गेली. हिवाळ्यातलं सोलापूरचं छत, पापडासारखं वाळलेलं. सगळीकडं धूळ. फक्त एका कोपऱ्यात, टाकीच्या नळकांड्याखाली, कठडा आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं, हिरवंगार शेवाळ. आख्ख्या गल्लीत पाऊस नाही, आणि या कोपऱ्यात बारमाही पावसाळा! सांध्यातलं सिमेंट खाऊन गेलेलं. तिनं खराट्याची काडी त्या फटीत घातली, ती बोटभर आत गेली. आणि तो कोपरा बरोबर तिच्या खोलीच्या वर. पंख्याच्या वायरची नळी त्याच बाजूनं स्लॅबमधून भिंतीत आणि भिंतीतून बोर्डापर्यंत उतरत होती. पाणी त्या नळीत शिरलं तर वरची भिंत कोरडीच राहणार की! थेट बोर्डाशी येऊन बाहेर पडणार.

ती जिन्यावरूनच ओरडत खाली आली. "सापडलं! अव्वा, तुझी धार! तुझ्या धारेचं पाणी माझ्या भिंतीत येतंय!"

अव्वाच्या हातातली घागर जागच्या जागी थांबली. "माझी धार? अगं, वीस वर्षं पडायली ती धार. तेव्हा नाही आली ओल, आता बरी येईल?"

"वीस वर्षं पडून पडून सांधा खाल्ला तिनं!"

"छत म्हणे," काका हसला. "पाऊस नाही तर छत गळेल कसं? एवढंसं पाणी ते, उतारानं निघून जातं."

"निघून गेलं असतं तर शेवाळ कशाला आलं असतं? वर चल, दाखवते!"

"नंतर," काका म्हणाला. अव्वा म्हणाली, "धार बंद केली तर मला टाकी भरलेली कळणार कशी?" आणि अप्पा म्हणाले, "बघू." बघू! या घरातल्या किती गोष्टी त्या 'बघू'च्या माळ्यावर खोक्यांबरोबर पडून होत्या, देव जाणे.

दाक्षी पुढचे चार दिवस एक शब्द बोलली नाही. घरच्यांना वाटलं, पोरगी शहाणी झाली. अव्वानं तर तिच्या ताटात शेंगाचटणीवर जास्तीचं दही वाढलं. पण दाक्षी शहाणी वगैरे झाली नव्हती. ती पाण्याची वाट बघत होती.

पाणी आलं तेव्हा अव्वानं मोटार लावली. दाक्षी छतावर गेली. फ्रॉकच्या खिशातून तिनं कपड्यांना घालायच्या निळीची बाटली काढली, नवी कोरी, आणि शेवाळाच्या कोपऱ्यात, सांध्याच्या फटीवर, सगळीच्या सगळी ओतली. शेवटचा थेंबसुद्धा आपटून काढला. मग खाली येऊन, हाताची घडी घालून, ती आपल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

वर धार पडली.

"टाकी भरली!" दगडाबाई पलीकडून ओरडली.

"अव्वा, पडू दे थोडा वेळ," दाक्षी म्हणाली. "तुझी खात्री होईपर्यंत."

मग मोटार बंद झाली. दाक्षी तशीच उभी. काका जाता जाता थांबला. "काय बघायलीस?"

"तुझं पॅनेल. छान दिसायलंय."

काका खूश होऊन आत आला. आणि त्याच्या डोळ्यांदेखत बोर्डाच्या खालच्या कडेला एक थेंब जमला. निळा. जमला, फुगला आणि पांढऱ्याशुभ्र संगमरवरावरून सरळ रेघ ओढत खाली गेला. त्याच्यामागून दुसरा. मग दोन रेघा, चार रेघा, आणि लोंबणाऱ्या पट्टीच्या मागून एक निळा ओघळ थेट जमिनीवर.

"दादा!" काका ओरडला. "भिंतीतून शाई यायली!"

अप्पा आले, अव्वा आली. तिघंही भिंतीकडं बघत उभे. त्या क्षणी दाक्षीच्या मनात इतके दिवस साठलेला सगळा संताप वर आला, हौदाचं झाकण उडावं तसा.

"शाई नाही, नीळ आहे! छतावर ओतली मी, आत्ता! धारेखाली! कुठून आली ती बघा! दगडामावशीच्या मोरीतून आली? तिनं मोरीत निळीनं आंघोळ केली? मी सांगत होते, सांगत होते, सांगत होते! मोबाइलमधल्या माणसाचं ऐकलं, दुधवाल्याचं ऐकलं, आणि मी इथं झोपते, माझं कुणी ऐकायचं नाही! का? माझे कान तुमच्यापेक्षा लहान आहेत म्हणून?"

 बोर्डातून टप आवाज आला.

अप्पा वळले आणि जिना चढून वर गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांची बोटं निळी होती आणि चेहरा पडलेला होता.

"काडी बोटभर आत जाते," ते म्हणाले.

"मी सांगितलं होतं," दाक्षी म्हणाली.

"व्हय. सांगितलं होतंस." अप्पांनी मान खाली घातली. "मी वर गेलो नाही."

काकाला शांत बसवेना. "म्हणजे टाकीत बॉल बसवायचा. सोपं आहे. टाकी भरली की पाणी आपोआप बंद."

"आणि अव्वाला कळणार कसं? धार नाही म्हणून ती मोटार चालूच ठेवणार. मग बंद तोंडावर मोटार ढकलत राहील आणि जळेल," दाक्षी म्हणाली. "धार राहू दे. जागा बदला."

तसंच केलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी अप्पांनी आणि तिनं शेवाळ खरवडलं, फट तारेच्या ब्रशनं साफ केली, मसाला आत दाबून भरला आणि कठड्याच्या कडेनं सिमेंटची गोलाई दिली, पाणी थांबूच नये अशी. ती ओली राहावी म्हणून आठवडाभर दाक्षी रोज पोतं भिजवून टाकत होती. नळकांड्याला लांब पाइप जोडून तो भिंतीबाहेरून खाली अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणला. खाली पिंप ठेवलं, म्हणजे सांडलेलं पाणीही वाया जायला नको. आणि पिंपावर दाक्षीनं तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा बांधला.

पॅनेल तिनं स्वतः उपटलं. एकेक पट्टी, कडाकड. काकाला बोलावून, त्याच्यासमोर. त्यातल्या आनंदाचं वर्णन करायला गेलं तर पान पुरायचं नाही. उघड्या भिंतीला वारा मिळायला खिडकी दिवसभर उघडी राहिली. ती सुकायला वेळ लागणार होता, आणि वायरमननं नवी वायर टाकेपर्यंत लाइनही जोडायची नव्हती. पण अप्पा खोलीत आले, भिंतीला नुसता तळहात लावला, टकटक केली नाही, आणि म्हणाले, "कॉट इथंच राहू दे."

गड्डा जवळ आला आणि मैंदर्गीची मंडळी आली. जेवणं झाल्यावर काका सगळ्यांना दाक्षीच्या खोलीत घेऊन आला. पॅनेलमागं भिंतीवर उतरलेल्या निळ्या रेघा अजून तशाच होत्या. दाक्षीनं पुसू दिल्या नव्हत्या.

"किती जणांनी डोकं लावलं, कुणाला सापडेना," काका सांगत होता. "मग आम्ही युक्ती काढली. छतावर नीळ ओतली..."

"आम्ही?" दाक्षी दारातून म्हणाली. सातवीतली दाक्षी आत निघून गेली असती. ही गेली नाही. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आम्ही नाही, काका. मी. तू हे झाकलं होतंस."

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. अव्वा "अगं..." म्हणाली. काकानं तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर पत्र्याच्या डब्यावर पाण्याची धार पडली. धाड धाड धाड, ताशा बडवावा तशी. पाहुण्यांतली एक आजी दचकून खुर्चीला धरून उभी राहिली.

"टाकी भरली!" अव्वा मोटारीकडं पळाली.

आणि भिंतीपलीकडून, भाकरीची थाप थांबवून, दगडाबाई मोठ्यांदा म्हणाली, "व्हय की, तीच! पोरीनंच शोदलं. सांग त्या काकाला, माजी मोरी फोडायला निगाला हुता म्हनं! डोस्कं आनलं का न्हाय अजून?"